दोनशे अँपिअरचं मशीन, तेरा अँपिअरचा प्लग

ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर, साउथव्हिल किंवा बिशपस्टन भागात रस्त्यावरून चालत गेलं तर एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग तेवढी दिसते. त्यांच्या मागच्या बोळात शिरावं. परसाच्या टोकाला विटांची गॅरेजं, पत्र्याच्या शेड, अर्धवट वर सारलेली शटरं. आत कुणी जुनी मोटरसायकल सुटी करून बसलेलं असतं, कुणी बागेचं फाटक जोडत असतं. या शहराला धातुकामाची जुनी सवय आहे. किंग्जवुडला डग्लस मोटरसायकली बनत, फिल्टन आणि पॅचवेला विमानं आणि त्यांची इंजिनं. चार्ल्स हिल यांच्या अल्बियन गोदीतून १९७६ साली ‘मिरांडा गिनेस’ पाण्यात उतरलं आणि त्या कंपनीची जहाजबांधणी तिथेच आटोपली. विमानांचं काम मात्र चालूच आहे. त्या नोकऱ्यांसाठी आलेली मराठी इंजिनिअर मंडळी ब्रॅडली स्टोक, स्टोक गिफर्ड, फिल्टन भागात घरं घेतात, घराबरोबर गॅरेज मिळतं, आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हाताला लागलेलं वेल्डिंग पुन्हा आठवतं. मशीन दोन दिवसांत घरपोच येतं. मग प्रश्न उभा राहतो: याला वीज कुठून आणि कशी द्यायची?

या प्रश्नाची प्रचलित उत्तरं तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचे कट्टर समर्थक आहेत. एक पक्ष म्हणतो, मशीनला तेरा अँपिअरचा प्लग लावलेलाच आहे, खुपसा आणि चालवा. दुसरा म्हणतो, थेट बत्तीस अँपिअरची जाड लाइन टाका, पुन्हा बघायला नको. तिसरा थ्री-फेजचा आग्रह धरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेले मामा फोनवर सांगतात, “अरे, मेनवरनंच घे की थेट.” या सगळ्या सल्ल्यांमध्ये भाराचा विचार आहे: मशीन किती ओढेल, केबल तेवढं पेलेल का. तो विचार करायलाच हवा, आणि तो तुलनेने सोपा आहे. माझ्या मते घरच्या वर्कशॉपचं वायरिंग चांगलं की वाईट हे ठरतं दुसऱ्याच गोष्टीवर. बिघाड झाला, फेजची तार मशीनच्या लोखंडी अंगाला टेकली, तर तो करंट कोणत्या वाटेने परत जाईल आणि किती वेळात तुटेल, यावर. भाराचा हिशेब चुकला तर ब्रेकर पडतो. बिघाडाचा हिशेब चुकला तर माणूस पडतो.

आधी भार. वेल्डिंग मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२००’ छापलेलं असतं. तो आर्कमधला करंट, भिंतीतून येणारा नव्हे. भिंतीची बाजू मशीनच्या पाठीवरच्या छोट्या पाटीवर असते आणि तिथे दोन आकडे वाचायचे: ‘आय-वन-मॅक्स’ आणि ‘आय-वन-इफेक्टिव्ह’. हे आकडे येतात कसे, ते एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. रॉडच्या वेल्डिंगसाठी आर्कचा व्होल्टेज २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरण्याची पद्धत आहे. म्हणजे २०० अँपिअरला २८ व्होल्ट, आर्कमध्ये ५.६ किलोवॅट. साध्या इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर २३० व्होल्टवर सुमारे ४१ अँपिअर ओढले जातात. तेच मशीन पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटचं असेल तर तेवढ्याच आर्कसाठी २९ अँपिअर पुरतात. घरच्या वर्कशॉपसाठी मशीन घेताना जादा पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं, तर मी याच एका सोयीकडे बोट दाखवीन. मशीन महाग पडतं. पण तुमची केबल, तुमचा ब्रेकर आणि घराचा मेन फ्यूज, तिघांवरचा ताण एकदम कमी होतो.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. दहा मिनिटांत किती मिनिटं मशीन पूर्ण जोरावर चालू शकतं, त्याची ही टक्केवारी, ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली. २५ टक्के म्हणजे अडीच मिनिटं आर्क, साडेसात मिनिटं विश्रांती. केबल तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून इफेक्टिव्ह करंट काढताना ड्यूटी सायकलचं वर्गमूळ घेतात. २५ टक्क्यांचं वर्गमूळ निम्मं. ४१ अँपिअर ओढणारं मशीन केबलला सलग साडेवीस अँपिअरइतकंच तापवतं. बत्तीस अँपिअरचा ब्रेकर (एमसीबी) सुमारे ३६ अँपिअरवर तासभर न पडता राहतो आणि ४६ च्या आसपास तासाभरात पडायलाच हवा; अडीच मिनिटांचे ४१ अँपिअर तो सहज सोसतो. मशीन ४१ ओढतं म्हणून पन्नासची लाइन टाकायची, असा जो हिशेब काही जण करतात, तो म्हणूनच अनाठायी आहे.

आता तेरा अँपिअरच्या प्लगकडे. अडीच मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरवर चालवला, तर वरच्याच हिशेबाने साधं मशीन साडेतेरा अँपिअर ओढतं आणि सुधारित पॉवर फॅक्टरचं साडेनऊच्या थोडं वर. म्हणजे ब्रिटिश प्लगवर अडीचच्या रॉडपर्यंत मजल जाते. टिग वेल्डिंगचा आर्क कमी व्होल्टेजचा असल्याने तिथे १०० अँपिअरलाही दहाच्या आसपासच लागतात. गाडीचा पत्रा, फाटकाच्या पट्ट्या, सायकलची फ्रेम एवढंच काम असेल तर नवीन वायरिंगची गरजच नाही, हे मान्य करावं. अडचण सव्वातीनच्या रॉडला येते. तिथे १०० ते १२० अँपिअर हवेत, म्हणजे साध्या मशीनला भिंतीतून सतराच्या पुढे. आणि इथे लोक फसतात, कारण प्लगमधला तेराचा फ्यूज सतराला उडत नाही. तो वीस अँपिअरपर्यंत बराच वेळ तग धरतो. उडत नाही म्हणजे चालतंय, असं वाटत राहतं, आणि प्लगच्या आतली पितळी पिन, तिचा स्क्रू, सॉकेटमधली पकड ही सगळी हळूहळू करपत जातात. वेल्डिंग झाल्यावर प्लग उपसून पिनांना हात लावून पाहावा. चटका बसला तर त्या सॉकेटची हद्द संपली. गुंडाळी असलेल्या एक्स्टेन्शनवर मशीन चालवणं त्याहून वाईट. त्या गुंडाळीवर उलगडलेल्या आणि गुंडाळलेल्या अवस्थेचे दोन वेगळे आकडे छापलेले असतात, आणि गुंडाळलेल्या अवस्थेचा आकडा वेल्डिंगच्या उपयोगाचा नसतो.

हा चौकोनी पिनांचा प्लग १९४७ च्या मानकातला. युद्धोत्तर घरबांधणीसाठी ब्रिटनमध्ये जी विद्युत समिती नेमली होती, तिने १९४४ च्या अहवालात एकाच नमुन्याचं सॉकेट आणि घरभर फिरून पुन्हा बोर्डात येणारी रिंग सुचवली. तांबं वाचवायचं होतं. त्या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. त्या ज्या महिला विद्युत संघटनेच्या संचालक होत्या, तिच्या ब्रिस्टल शाखेने १९३५ मध्येच याच शहरात स्टोक बिशपला ‘ऑल-इलेक्ट्रिक हाउस’ बांधून दाखवलं होतं. घरात वीज सुरक्षितपणे खेळवायचा विचार इथे किती जुना आहे ते यावरून कळावं. पण रिंगची कल्पना अनेक छोट्या भारांसाठी आहे: इथे दिवा, तिथे हीटर, पलीकडे केटल. एकाच टोकाला मोठा भार दीर्घ काळ लावणं तिच्या स्वभावात बसत नाही. आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी घडली. ब्रिटिशांनी ज्या गोल पिनांचे पाच आणि पंधरा अँपिअरचे प्लग मागे टाकले, तेच आपण घेतले आणि आजही महाराष्ट्रातल्या घरांत सहा आणि सोळा अँपिअरच्या नावाने चालवतो. भारतीय प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि मोठ्या भाराला मोठं सॉकेट ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून इथे आलेल्या मराठी माणसाला ब्रिस्टलच्या घरात एकाच मापाची सॉकेटं बघून आधी गोंधळल्यासारखं होतं, आणि मग सगळं याच सॉकेटवर चालत असणार असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तेराच्या पुढे जायचं तर इथला रिवाज निळ्या गोल औद्योगिक सॉकेटचा आहे, सोळा किंवा बत्तीस अँपिअरचं. बोलीत त्याला ‘कमांडो’ म्हणतात. निळं म्हणजे २३० व्होल्ट, लाल म्हणजे ४०० आणि पिवळं बांधकामावरच्या ११० व्होल्टचं. हौशी कामाला सोळाचं पुष्कळ झालं. पण गॅरेजपर्यंत नवी केबल न्यायचीच असेल तर ती बत्तीसच्या मापाची न्यावी, कारण खर्च केबलच्या लांबीपेक्षा खोदाईचा आणि घरातून ती ओढत नेण्याचा असतो. ही ब्रिस्टलच्या जुन्या रांगांतली खरी कटकट आहे. मीटर आणि बोर्ड पुढच्या दाराजवळ किंवा जिन्याखाली, गॅरेज परसाच्या टोकाला. अख्खं घर आडवं पार करून मग बाग लागते. पंचवीस मीटर धरायला हरकत नाही. ब्रॅडली स्टोकसारख्या अलीकडच्या वसाहतींत गॅरेज पुष्कळदा घराला लागून असतं. त्यांचं काम निम्म्याने हलकं.

या पंचवीस मीटरचं काय होतं ते पाहू. बत्तीस अँपिअर अडीच स्क्वेअर एमएमच्या केबलमधून नेले तर वाटेत १४ व्होल्टहून अधिक गळतात. ब्रिटिश वायरिंग नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, दिव्यांखेरीज इतर वापराला पाच टक्के, साडेअकरा व्होल्ट, एवढी मुभा आहे. शिवाय तेवढ्या भाराला ती केबल मुळातच अपुरी. सहा स्क्वेअर एमएम घेतली की घट सहा व्होल्टच्या आसपास येते. दहाची घेतली तर पुढे कधी गाडीचा चार्जर गॅरेजात बसवतानाही पश्चात्ताप होत नाही. जमिनीखालून जाणार ती स्टीलच्या तारांचं चिलखत असलेली आर्मर्ड केबलच हवी, कुदळ पोचणार नाही इतक्या खोल, वर इशाऱ्याची पट्टी. साधारण दोन फूट खोदतात.

इथपर्यंत कुणीही पोचतो. पुढचा टप्पा ब्रेकरचा, आणि भारातून बिघाडाकडे वळायची जागा हीच. जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं चालू करताक्षणी क्षणभर प्रचंड करंट ओढतात. घरगुती बी प्रकारचा ब्रेकर आपल्या मापाच्या तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडतो, म्हणून तो अशा मशीनला टिकत नाही. मग लोक सी प्रकार लावतात, जो पाच ते दहा पटीला पडतो. तोही पडला तर डी, दहा ते वीस पटीचा. ब्रेकर पडायचा थांबतो, काम सुरू होतं, सगळे खूश. पण आता बिघाड झाला तर? बत्तीसच्या बी ब्रेकरला झटक्यात पडायला १६० अँपिअर पुरतात. सीला ३२० लागतात, डीला ६४०. एवढा करंट वाहायचा तर फेजपासून अर्थमार्गे परत ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या संपूर्ण फेऱ्याचा रोध तेवढाच कमी हवा: बीला १.३७ ओहम, सीला ०.६८, डीला अवघा ०.३४.

आता आकडे घाला. घराला अर्थ वीज कंपनीच्या न्यूट्रलमधून मिळत असेल, म्हणजे पीएमई पद्धत, तर कंपनी बाहेरच्या भागाचा रोध ०.३५ ओहमपर्यंत असल्याचं धरायला सांगते. पंचवीस मीटर सहा स्क्वेअर एमएमची फेज आणि तेवढीच अर्थची तार मिळून, गरम झालेल्या अवस्थेत, ०.१८ ओहमच्या आसपास भर घालते. बेरीज ०.५३. सी ब्रेकर बसला, डी नाही. आणि बेडमिन्स्टरच्या एखाद्या जुन्या घरात अजूनही शिशाच्या आवरणाच्या भूमिगत केबलमधून अर्थ येत असेल, तर बाहेरचाच रोध ०.८ ओहमपर्यंत धरावा लागतो. तिथे सीसुद्धा गणितात बसत नाही. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून डी लावून देणारा माणूस त्या घरात नेमकं काय करून गेला, ते यातून दिसतं: मशीन चालू राहावं म्हणून बिघाडात तुटण्याची खात्री काढून घेतली. आरसीडी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक टिपून वीज तोडणारं उपकरण, असेल तर ती बाजू सांभाळून घेते, हे खरं. पण एकाच उपकरणावर जीव टांगून ठेवण्यापेक्षा इन्व्हर्टर मशीन घ्यावं, जे सुरुवातीला एवढा झटका देत नाही, आणि बी किंवा सी ब्रेकरवर सुखाने चालवावं. ऑक्सफर्ड नावाची तेलात बुडवलेली जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं इथे लोक प्रेमाने जपतात. ती अजरामर आहेत. मात्र घरगुती सिंगल-फेज वायरिंगवर ती सोयीची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थिंगचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि वर्कशॉप घरापासून सुटं असलं की तो टाळता येत नाही. पीएमईमध्ये न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यातल्या केबलमध्ये एकच तार असते. ती तार कुठे तुटली, तर घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या धातूवर व्होल्टेज चढू शकतो. घराच्या आत हे निभावून जातं, कारण पाण्याचा पाइप, गॅसचा पाइप, मशीनची बॉडी सगळंच एकमेकांना बांधलेलं असतं आणि सगळंच एकदम वर चढतं. माणसाला फरक जाणवायला दुसरा बिंदूच नसतो. परसातल्या गॅरेजात तो बिंदू पायाखाली असतो: ओली जमीन, सळई असलेलं काँक्रीट, जमिनीत रोवलेला लोखंडी खांब. म्हणून दोन मार्ग. घराचा अर्थ गॅरेजपर्यंत न्यायचा आणि तिथल्या जमिनीशी जोडलेल्या प्रत्येक धातूला किमान दहा स्क्वेअर एमएमच्या तांब्याने बांधायचं. नाहीतर घराचा अर्थ गॅरेजच्या दारातच तोडायचा, केबलचं चिलखत तिथे प्लॅस्टिकच्या पेटीत अलग ठेवायचं आणि गॅरेजला स्वतःचा अर्थ रॉड द्यायचा. विटांचं, लाकडी छताचं, कोरड्या जमिनीचं गॅरेज असेल तर पहिला मार्ग सोपा. पत्र्याची शेड असेल तर मी दुसराच निवडीन.

रॉड ठोकणं ऐकायला सोपं आहे. ब्रिस्टलची जमीन मात्र जागोजागी बदलते. क्लिफ्टनला वरच्या मातीखाली लगेच चुनखडक लागतो, फिशपॉन्ड्सकडे पेनन्ट वाळूखडक. रॉड चार फूट जाण्याआधीच घणाला झणका बसतो. उलट चिकणमातीच्या भागात तो सुरीसारखा उतरतो. नियम सांगतो की रोध २०० ओहमच्या वर गेला तर तो भरवशाचा मानू नये, कारण माती सुकली किंवा गोठली की तो आणखी वाढतो. आपल्याकडे बसाल्टवर वसलेल्या गावांत हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली: खोल खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर, वर नळी, आणि उन्हाळ्यात “अर्थिंगला पाणी घाला रे” ही हाक. ब्रिस्टलला पाणी घालायची वेळ क्वचितच यावी. पण रॉड ठोकून झाल्यावर रोध मोजून लिहून ठेवणं दोन्हीकडे तितकंच गरजेचं. स्वतंत्र रॉडवर रोध दहा-वीस ओहम असला तरी ब्रेकर पाडण्याइतका करंट वाहतच नाही. तिथे सगळी भिस्त आरसीडीवर, ३० मिलिअँपिअरच्या. आणि ती ए प्रकारची असावी. इन्व्हर्टर मशीनमधून गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा अंश असू शकतो आणि जुन्या एसी प्रकारच्या आरसीडी त्याने बधिर होतात. घराच्या बोर्डात वर आणखी एक आरसीडी असेल तर ती उशिरा पडणारी हवी, नाहीतर गॅरेजमधला बिघाड घरातला फ्रिज बंद पाडतो.

आणखी एक धोका आहे जो या सगळ्या उपकरणांना दिसतच नाही. समजा, काम लोखंडी खांबाला टेकवून उभं केलंय आणि खांब अर्थला बांधलेला आहे. रिटर्न क्लॅम्प मात्र नेहमीच्या जागी, टेबलालाच चिकटवलेला राहिला. टेबलावर उभं ड्रिलिंग मशीन बोल्टने बसवलेलं आहे, तीन पिनांच्या प्लगवर. आर्क पेटतो. वेल्डिंगचा १२० अँपिअर करंट रॉडमधून कामात, कामातून खांबात, खांबातून अर्थच्या पट्टीवर जातो, तिथून ड्रिलच्या केबलमधल्या बारीक हिरव्या-पिवळ्या तारेतून ड्रिलच्या अंगात, टेबलात आणि शेवटी क्लॅम्पला परत येतो. ती तार काही सेकंदांत तापते, आवरण वितळतं. ब्रेकर पडत नाही, कारण अर्थच्या तारेत ब्रेकर नसतो. आरसीडी पडत नाही, कारण फेज आणि न्यूट्रलमध्ये काही बिनसलेलंच नाही. काम पूर्ण होतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्या दिवसापासून ड्रिलला अर्थ उरलेला नसतो. यावर उपाय विजेच्या बोर्डात नाही. क्लॅम्प कामालाच लावायचा, जोडाच्या जवळ, रंग आणि गंज घासून काढलेल्या जागी; आणि वेल्डिंगचं टेबल इतर मशीनच्या टेबलापासून सुटं ठेवायचं.

घराच्या मेन फ्यूजचा विषय थोडक्यात. मीटरशेजारी सील केलेला फ्यूज ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा असतो आणि तो वीज वितरण कंपनीच्या मालकीचा. ब्रिस्टलला ही कंपनी म्हणजे नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्युशन. २०२२ पर्यंत तिचं नाव वेस्टर्न पॉवर डिस्ट्रिब्युशन होतं. साडेनऊ किलोवॅटचा शॉवर ४१ अँपिअर, गाडीचा चार्जर ३२, वर वेल्डिंग मशीन. साठाच्या फ्यूजवर हे एकदम चालणार नाही. फ्यूज वाढवून मागता येतो. मात्र जुन्या रांगांत काही घरांची सर्व्हिस केबल शेजाऱ्याच्या घरातून पुढे आलेली असते, आणि तशी असेल तर आधी ती सोडवावी लागते. थ्री-फेजची मागणीही करता येते. रस्ता खोदावा लागला की खर्च मशीनच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. उद्यमनगरातला गाळा आणि घरामागचं गॅरेज यांत फरक आहे. तिथे दोन फेजवर चालणारे वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर दिवसभर राबतात. इथे शनिवार-रविवारच्या कामाला सिंगल-फेज इन्व्हर्टर भरपूर झाला. शेजाऱ्यांचाही विचार करावा. पुष्कळ मशीनच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे यंत्र निवासी भागातल्या सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी नाही. रॉड टेकताच सगळ्या रांगेतले दिवे मिचमिचू लागले तर त्या ओळीचा अर्थ समजतो.

कायद्याचा भाग अनेक जण टाळू पाहतात, तो टाळू नये. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २००५ पासून घरगुती विद्युतकाम इमारत नियमांच्या पार्ट पी खाली आलं. २०१३ मध्ये नियम सैल झाले, तरी नवं सर्किट टाकणं अजूनही कळवावं लागतं, आणि घरातून वीज घेणारं गॅरेज किंवा शेड त्यातून सुटत नाही. एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या योजनेत नोंदलेला इलेक्ट्रिशियन काम करून स्वतःच कळवतो. स्वतः काम करणं बेकायदा नाही. पण मग आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज करावा लागतो. फिल्टन आणि ब्रॅडली स्टोकवाल्यांनी लक्षात ठेवावं की त्यांचं कौन्सिल साउथ ग्लॉस्टरशायरचं, ब्रिस्टलचं नव्हे. आपल्याकडे वायरमनचा परवाना हा जसा कामाचा आधार, तसा इथे चाचणीचा कागद. घर विकताना वकील तो मागतो, आणि आग लागली तर विमा कंपनीही. मधला मार्गही आहे आणि तो मला पसंत आहे: खोदाई करणं, भिंतीला भोक पाडणं, सॉकेटच्या पेट्या बसवणं हे इलेक्ट्रिशियनशी आधी ठरवून स्वतः करावं; जोडणी, चाचणी आणि सही त्याच्याकडे सोडावी. हे त्याला काम सुरू होण्याआधी विचारावं. बुजवलेल्या खड्ड्यावर सही करायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये.

गॅरेजमधला छोटा बोर्ड धातूचा हवा. २०१६ पासून घरगुती बोर्डांना, गॅरेजातल्यासुद्धा, न जळणारी पेटी लागते. दिव्यांचं सर्किट वेल्डिंगच्या सर्किटपासून वेगळं ठेवावं, दोन वेगळ्या आरसीडींवर. ब्रेकर पडल्यावर काळा चष्मा डोळ्यावर, तापलेला लोखंडी तुकडा पायाशी आणि अंधार, ही वेळ येऊ देऊ नये. दाराशेजारी मोठा आयसोलेटर, बाहेरून आत हात घालून बंद करता येईल असा. आणि धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या पंख्याला पहिल्याच दिवशी जागा आणि लाइन ठेवावी. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की साध्या स्टीलच्या वेल्डिंगचा धूरही कर्करोगाला कारण होऊ शकतो. शटर अर्धं उघडं ठेवणं त्याला पुरत नाही.

वर्षातून दोन-चारदाच वेल्डिंग करणाऱ्याने ही सगळी उठाठेव करावी का? मला वाटतं, नाही. बेडमिन्स्टरला ब्रिस्टल हॅकस्पेससारखी सभासदांनी चालवलेली सामाईक कार्यशाळा आहे; अशा ठिकाणी जाऊन हात बसवावा, कोणत्या प्रकारचं वेल्डिंग आपल्याला आवडतं ते कळू द्यावं. ज्याला दर आठवड्याला गॅरेजात उतरल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने मशीन मागवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. त्याला केबल किती जाड असं विचारू नये. मेन फ्यूज किती अँपिअरचा, अर्थ कोणत्या पद्धतीचा आणि बाहेरच्या फेऱ्याचा रोध मोजून किती आला, हे तीन आकडे कागदावर लिहून मागावेत. मोजणी तासाभरात होते, आणि कोणतं मशीन घ्यायचं ते त्या कागदावरून ठरतं.